शेगडीच्या पाठीवरची पट्टी

थर्झा ग्रिंडलच्या घरी आलेला कागद दोनदा कामाला येई. एकदा वाचायला, एकदा पेटवायला. ही शिस्त तिच्या नवऱ्याची, एमरीची. शेगडीशेजारी बर्चच्या सालीची एक मोठी टोपली असे. वर्तमानपत्र, टपालाची पाकिटं, कोंबड्यांच्या खाद्याच्या कागदी पिशव्या, सगळं वाचून झालं की त्या टोपलीत जाई. चर्चमधला रविवारचा कागदही जाई, पण तो शेगडीत घालण्याआधी थर्झा त्यावरचं स्तोत्र एकदा गुणगुणून घेई. देवाचं नाव असलेला कागद मुक्याने जाळायचा तिला धीर होत नसे.

वेस्ट हॅन्बी गावच्या शाळेत तिने एकतीस वर्षं स्वयंपाक केला होता. मेन राज्याच्या त्या कोपऱ्यात असा एकही बाप्या नव्हता ज्याने लहानपणी तिच्या हातचा मक्याचा ब्रेड खाल्ला नव्हता. आता ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. एमरीला जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात ती, अकरा कोंबड्या आणि शेगडी.

शेगडी नवी होती. जुनीला मागच्या शरद ऋतूत तडा गेला, तेव्हा थर्झाने एमरीच्या निवृत्तीच्या खात्यातून पैसे काढून ही घर तापवणारी काळी बिडाची शेगडी घेतली. चौतीसशे डॉलर. एवढी रक्कम एका वस्तूवर तिने आयुष्यात खर्च केली नव्हती. दुकानदार म्हणाला, "बाई, घाबरू नका. चांगली शेगडी घेतली की सरकार तीस टक्के करात सोडतं. रिटर्न भरताना तेवढं मागून घ्या."

मागून घ्या म्हणजे काय, ते तिने तेव्हा विचारलं नाही.

रोडा, तिची एकुलती एक मुलगी, अडीच तासांवर पोर्टलंडला विम्याच्या कचेरीत कामाला होती. नाताळात ती आली आणि शेगडीत लाकूड सरकवताना तिला राखेत एका पाकिटाचा अर्धा जळका कोपरा दिसला. वर सरकारी शिक्का. मागच्या वर्षीचं रिटर्न भरायचं राहून गेलं होतं, त्याच्या दंडाचं ते पत्र होतं.

"आई, हे तू उघडलं तरी होतंस का गं?"

"जाहिरात वाटली मला."

"सरकार जाहिराती करतं होय?"

एमरी असताना कागदांचं सगळं तो बघे, हे दोघींनाही ठाऊक होतं.

मग रोडाने ब्रन्सविकची गोष्ट काढली. तिथे म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेली घरं होती. लिफ्ट, तळमजल्यावर नर्स, चालत जाण्याच्या अंतरावर चर्च.

"आणि शेगडी?" थर्झाने विचारलं.

"शेगडी कशाला लागतेय? भिंतीवर बटण असतं."

"बटणाशेजारी बसून विणायचं मी?"

"आई, विनोद करू नकोस. तू इथे एकटी, बर्फ कमरेइतका, आणि कागद असे. मला झोप लागत नाही." रोडाचे डोळे भरून आले, तशी थर्झाही विरघळली. शेवटी असं ठरलं: यंदाचं रिटर्न आईने स्वतः वेळेवर भरायचं, शेगडीची सवलत मागून घ्यायची, एकही कागद न गमावता. जमलं तर रोडा ब्रन्सविकचं नाव काढणार नाही. नाही जमलं, तर वसंतात घर विकायला काढायचं.

"कबूल," थर्झा म्हणाली.

हॉलिस बीन दर शनिवारी संध्याकाळी जेवायला येई. तो आणि थर्झा शाळेपासूनचे. हॉलिस धुराडी साफ करी आणि गावाला लाकूड पुरवी. नवी शेगडी बसवली तीही त्यानेच. मजुरीचे पैसे घ्यायला तो तयार नव्हता. "एप्रिलपर्यंत दर शनिवारी बीन्स घाल, हिशोब मिटला," असं म्हणाला होता. म्हणून दर शनिवारी थर्झा मातीच्या हंडीत काकवी आणि खारवलेलं डुकराचं मांस घालून बीन्स दिवसभर शेगडीवर मुरवत ठेवी. हॉलिस जेवून उठताना एकच प्रश्न विचारी.

"पुढच्या हिवाळ्याचं किती कॉर्ड लाकूड टाकू? मार्चच्या आत सांग हं. ओलं लाकूड वाळायला उन्हाळा जावा लागतो."

आणि थर्झा म्हणे, "बघू."

फेब्रुवारीच्या एका मंगळवारी ती वाचनालयात गेली. तिथे लीओना स्टिंचफील्ड बाई म्हाताऱ्या लोकांची रिटर्नं फुकट भरून देत. बाईंनी चाळीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळलं होतं. वय ऐंशी, नजर अजून शिक्क्यासारखी. जागा मिळाली होती बालविभागात, त्यामुळे सगळी मंडळी बुटक्या रंगीत खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती.

"पेन्शनचा कागद?" लीओना बाई म्हणाल्या.

"हा घ्या."

"एमरीच्या खात्यातून पैसे काढलेस, त्याचा?"

"हा."

"शेगडीची पावती?"

थर्झाने पिशवीतून बायबल काढलं आणि स्तोत्रांच्या पानांतून पावती अलगद ओढली.

"स्तोत्रांत ठेवलीस?"

"तिथे मी रोज जाते ना. हरवत नाही."

लीओना बाई पहिल्यांदाच जराशा हसल्या. "शहाणी आहेस. आता कंपनीचं प्रमाणपत्र दे."

"ते कसलं?"

"सवलत सरसकट सगळ्या शेगड्यांना नाही गं. लाकडातला पंचाहत्तर टक्के तरी उष्मा घराला मिळाला पाहिजे, तशीच शेगडी चालते. कंपनी तसं लिहून देते. सरकारला पाठवायचं नसतं, पण आपल्याजवळ पाहिजे. मी बघितल्याशिवाय आकडा टाकत नाही. पुस्तिकेच्या अगदी शेवटी असतं. जाडसर पान, हिरवी किनार."

थर्झाचा हात पिशवीतच थांबला.

पुस्तिका तिला आठवत होती. अर्धी इंग्रजी, अर्धी फ्रेंच. इंग्रजी अर्धं तिने जपून ठेवलं होतं. उरलेलं अर्धं नोव्हेंबरभर, रोज पहाटे दोन-दोन पानं, शेगडीतले निखारे फुलवायला वापरलं होतं. आणि शेवटचं पान जाड होतं. त्याच्या कडेची ज्योत हिरवीगार उठली होती. ती खाली बसून कौतुकाने बघत राहिली होती, हेही तिला आठवलं.

"बाई," ती हळूच म्हणाली, "फ्रेंच पानं मी जाळली. म्हटलं, इथे फ्रेंच कोण वाचतंय."

"मी वाचते," लीओना बाई म्हणाल्या. "माझी आई क्वेबेकची."

शेजारच्या निळ्या खुर्चीवरचा म्हातारा खोकल्याच्या निमित्ताने हसला. थर्झाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सरकारने मागितलेला कागद तिने त्याच शेगडीत घातला होता, जिच्यासाठी तो मागितला होता.

"रडू नकोस," लीओना बाई म्हणाल्या. थर्झा रडत नव्हती, पण ते ऐकून तिला रडू यायला लागलं. "कंपनीकडून दुसरी प्रत इथल्या संगणकावर निघते. फक्त नंबर पाहिजे. हे बघ, या कंपनीच्या दोन शेगड्या आहेत, दिसायला जुळ्या बहिणी. पुस्तिकाही दोघींच्या सारख्याच, हिरव्या पानावरचे टक्के तेवढे वेगळे. एक सत्त्याहत्तर टक्के, दुसरी बहात्तर. तुझी कुठली?"

पावतीवर दुकानदाराने लिहिलं होतं, 'एक शेगडी, काळी.' आणि तो नववर्षाला दुकान विकून फ्लोरिडाला गेला होता.

"नंबर शेगडीच्या पाठीवर असतो, पत्र्याच्या पट्टीवर."

"पाठ भिंतीकडे आहे, बाई."

"मग भिंतीची परवानगी घे. पुढच्या मंगळवारी ये."

बुधवारी नेहमीप्रमाणे रोडाचा फोन आला. "कागद झाले का गं?"

"चाललंय," थर्झा म्हणाली. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं.

शेगडी आणि भिंत यांच्यात वीतभर जागा होती. गुरुवारी तिने एमरीचा दाढीचा आरसा त्या फटीत घालून पाहिला. पट्टी दिसली, पण अक्षरं मुंगीएवढी, उलटी आणि काजळीने भरलेली. बोटाने पुसायला गेली तर स्वेटरची बाही करपली. करपलेल्या लोकरीचा वास दोन खोल्यांत भरला आणि थर्झा खुर्चीत येऊन बसली.

शेगडी विझवायला लागणार होती.

दुसऱ्या कुणाला यात काही वाटलं नसतं. पण ग्रिंडलांच्या घरात नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला पेटवलेला विस्तव ईस्टरपर्यंत विझू द्यायचा नाही, असा रिवाज होता. एमरीने लग्नाच्या वर्षी तो सुरू केला. रोडाच्या जन्माच्या रात्री शेजाऱ्यांनी येऊन लाकूड सारलं होतं. एमरी गेला तो जानेवारीत; प्रेत दफनाला नेलं त्या दिवशीही थर्झा पाहुण्यांमधून उठून निखारे ओढून आली होती. त्यानंतर तीन हिवाळे तिने तो विस्तव एकटीने राखला. जुन्या शेगडीला तडा गेला तोही देवाच्या दयेने ऑक्टोबरात.

शुक्रवारी तिने हॉलिसला फोन केला. "उद्या संध्याकाळी नको, सकाळीच ये. विजेरी आण."

"बीन्स सकाळी?"

"बीन्सचं नंतर बघू. शेगडी विझवतेय."

मग हॉलिस म्हणाला, "येतो."

शनिवारी पहाटे तिने शेवटचं लाकूड घातलं आणि नेहमीसारखी प्रार्थना करायला शेगडीसमोर बसली. देवाकडे तिने फार काही मागितलं नाही. म्हणाली, "माझ्या आळसाने जे जळलं ते जळलं. शेगडी सत्त्याहत्तरवाली असली तर बरं होईल. नसली तर ब्रन्सविकला जायचं बळ दे." आणि जरा थांबून, "पण सत्त्याहत्तर असू दे."

आठाच्या सुमाराला ज्योत गेली. नऊला निखारे राखाडी झाले. तिने एमरीचा जाड लोकरी कोट अंगावर चढवला. घरात इतके दिवस न ऐकू आलेले आवाज ऐकू यायला लागले: फ्रिजची घरघर, छपरावरून बर्फ घसरल्याचा आवाज, माडीवरच्या लाकडाची कुरकुर. तिला वाटलं होतं, आपल्याच्याने बघवणार नाही. पण ती बघत राहिली, आणि तसं काही झालं नाही. शेगडी थंड होताना बारीक टिकटिक करत होती, एवढंच.

हॉलिस साडेदहाला आला, बूट झाडत. "अगं, बाहेर जास्त ऊब आहे!"

"गप. पोटावर झोप."

"या वयात बाई मला पहिल्यांदाच असं सांगतेय."

"हॉलिस!"

तो जमिनीवर आडवा झाला, विजेरी फटीत धरली, जुनं फडकं काठीला गुंडाळून पट्टी पुसली आणि म्हणाला, "काही दिसत नाही. चष्मा ट्रकमध्ये राहिला."

"मग सरक तिकडे."

अशी ती दोघं पोटावर पडली, खांद्याला खांदा लावून. तो विजेरी धरून, ती एकेक अक्षर मोठ्याने वाचत आणि पाकिटाच्या मागे लिहीत. तिने ते तीनदा वाचलं, तीनदा लिहिलं. मग दोघांनाही उठता येईना. हॉलिसने आधी टेबलाचा पाय धरला, थर्झाने हॉलिसचा खांदा.

"आता ऐक," खुर्चीत टेकल्यावर तो म्हणाला. "बसवण्याची मजुरीही त्या सवलतीत धरतात, मला माहितीये. मी आठशे डॉलरचं बिल लिहून देतो. तुझा फायदा. कोण विचारायला येतंय?"

"तू आठशे घेतलेस?"

"बीन्स घेतले. पण तुझे बीन्स आठशेच्या लायकीचे आहेत."

"नको."

"अगं, खोटं कुठंय? काम तर मी केलंच ना?"

"हॉलिस, उद्या सकाळी मला याच तोंडाने चर्चमध्ये गायचंय. नको म्हटलं ना."

हॉलिसने हात वर केले. "ग्रिंडलीणबाईंशी वाद नाही."

थर्झाने टोपलीतला प्रत्येक कागद उलगडून, दोन्ही बाजू पाहून, मगच शेगडीत ठेवला. हॉलिस मिश्कीलपणे बघत होता. "नीट बघ हं. घराचं खरेदीखत नाही ना त्यात?" तिने त्याला ढलपी फेकून मारली. मग काडी ओढली. विस्तव धरला. लग्नानंतर भर हिवाळ्यात पेटवलेला तो पहिला विस्तव होता, आणि तो पेटला, नेहमीसारखाच, डाव्या कोपऱ्यातून.

बीन्स मात्र संध्याकाळपर्यंत शिजले नाहीत. हॉलिसने दाताखाली कडकड वाजवत बशी संपवली आणि म्हणाला, "या आठवड्याची मजुरी जरा कच्चीच मिळाली." जाताना लाकडाचं विचारलं. थर्झा म्हणाली, "बघू." पण त्याच्या पाठोपाठ दारापर्यंत गेली.

मंगळवारी लीओना बाईंनी पाकिटावरचा नंबर एका बोटाने संगणकात घातला. थर्झा पिवळ्या खुर्चीवर, पिशवी उराशी धरून. यंत्र विचार करत राहिलं. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला.

"सत्त्याहत्तर," त्या म्हणाल्या.

थर्झाने डोळे मिटले. ओठ हलले, ते बाईंनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"आता बसवण्याची मजुरी किती?"

"बीन्स."

"किती डॉलर गं?"

"डॉलर नाहीत, बाई. शनिवारचे बीन्स. एप्रिलपर्यंत. परवाचे कच्चे होते."

लीओना बाईंनी त्या चौकटीत काही लिहिलं नाही. त्या बेरजा करत खाली उतरत गेल्या. "चौतीसशेचे तीस टक्के, एक हजार वीस. पण तुझा मूळ कर आहे सातशे त्रेचाळीस. सवलत कराएवढीच मिळते. वरचं काही हातात येत नाही, पुढच्या वर्षीही चालत नाही. म्हणजे कर झाला शून्य. चेकची वाट बघत बसू नकोस."

थर्झाने ते जरा मनात फिरवलं. "म्हणजे मजुरी लिहिली असती तर?"

"एक सेंटही जास्त मिळाला नसता. का?"

"काही नाही," थर्झा म्हणाली, आणि तिला एकाएकी इतकं हसू आलं की पिवळी खुर्ची करकरली. "हॉलिस एक अख्खं खोटं बोलायला निघाला होता, बाई. फुकटच गेलं असतं बिचाऱ्याचं."

बाईंनी प्रमाणपत्राची प्रत तिच्या हातात दिली. त्या यंत्राला रंग येत नव्हता, त्यामुळे किनार काळीच उमटली होती. थर्झाने ते स्तोत्रांत ठेवलं, पावतीशेजारी.

बुधवारी फोन वाजला तेव्हा ती खुर्ची शेगडीजवळ ओढून तयार बसली होती.

"कागद झाले?" रोडाने विचारलं.

"गेलं रिटर्न. शून्य कर. ऐक आता, मध्ये बोलू नकोस." आणि थर्झाने सगळं सांगितलं: फ्रेंच पानं, हिरवी ज्योत, लीओना बाईंची आई, करपलेली बाही, विझवलेला विस्तव. 'एकही कागद न गमावता' असं ठरलं होतं, आणि एक तर गमावला होता. ते तिने स्वतःच म्हणून टाकलं.

"तू शेगडी विझवलीस?" रोडा म्हणाली. "फेब्रुवारीत? बाबांचा विस्तव?"

"विझवली. परत पेटवली."

"आई, हे मला सांगितलंस कशाला? मला कधी कळलं नसतं."

"म्हणूनच सांगितलं. तुला झोप लागत नाही म्हणाली होतीस. मी काय काय घालवते आणि काय काय परत मिळवते, ते तुला ठाऊक असलं म्हणजे लागेल."

रोडाने नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती खुदकन हसली. "आणि हॉलिसकाका पोटावर?"

"चष्म्याशिवाय."

"देवा रे." बराच वेळ ती नुसती हसत राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "सरकारी शिक्क्याचं पाकीट आलं की त्या टोपलीत नाही जायचं, एवढं कबूल कर."

"ब्रेडचा डबा रिकामा केलाय त्यासाठी. वर चिठ्ठी लावलीये."

"मग पुढच्या हिवाळ्याचं लाकूड सांगितलंस का?"

थर्झाने शेगडीकडे पाहिलं. काचेमागे मेपलचा ओंडका मधोमध दुभंगत होता. "नाही अजून," ती म्हणाली.

"सांग लवकर. नाहीतर ओलं राहील आणि धूर करेल. चार कॉर्ड तरी लागतीलच ना?"

शनिवारी बीन्स मऊ झाले होते. हॉलिसने दोनदा वाढून घेतले, तपकिरी ब्रेडच्या तुकड्याने बशी पुसून काढली, टोपी उचलली आणि तोंड उघडलं.

"चार," थर्झा म्हणाली. "आणि मागच्यासारखा बर्च नको भरूस. मेपल टाक."

त्याने उघडलेलं तोंड मिटलं, खिशातून आखूड पेन्सिल काढली आणि लिहायला काही मिळतं का म्हणून टोपलीतल्या एका पाकिटाकडे हात नेला.

"आधी दोन्ही बाजू बघ," थर्झा म्हणाली.